अनोळखी अंगणातली चूल

शनिवारी सकाळी रोझीबाई भाजीबाजारात दिसल्या आणि शॅरनच्या हातातली मेथीची जुडी हातातच राहिली. बाई दिसल्या यात नवल काहीच नव्हतं, गाव एवढंसं. पण शनिवारी सकाळी, आणि फुलाफुलांच्या साडीत? शनिवारी सकाळी गावाने त्यांना निळ्या साडीशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. निळी साडी, गळ्यात स्कार्फ, शिट्टीची पांढरी दोरी, आणि पायांत मोज्यांवर घातलेले ते काळे बूट, ज्यांना शाळेतल्या प्रत्येक वर्गाने एकदा तरी हसून घेतलेलं होतं. आज त्या वांग्यांचा भाव विचारत होत्या. भाजीवाल्याने दोनदा सांगितला तरी त्यांच्या कानात शिरला नाही. "बरं," म्हणाल्या आणि वांगी न घेताच पुढे गेल्या.

शॅरन चटकन कांद्याच्या टेम्पोआड झाली. का झाली, हे तिला कुणी विचारलं नाही, ते बरं झालं.

तेव्हापासून तिच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली. बाई जेवतात का? शनिवारचा दिवस कसा ढकलतात? चर्चमधल्या बायका बोलत होत्या, की त्यांचा मुलगा स्टीफन त्यांना पुण्याला घेऊन जायचं म्हणतोय, सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे. सातव्या मजल्यावर बाई करणार काय? ज्या बाईला पायाखाली ढेकळं लागल्याशिवाय चालल्यासारखं वाटत नाही, तिने लिफ्टमध्ये उभं राहून आरशात बघायचं? शॅरनला तो आरसा दिसायला लागला. त्या दिवशी पतसंस्थेत काउंटरवर बसली तरी दिसला, रात्री कणीक मळतानाही दिसला. आणि दर वेळी तिला वाटलं, बाईंना त्या आरशासमोर मीच नेऊन उभं केलं.

रोझीबाई म्हणजे मिशनच्या दवाखान्यात बागेला पाणी घालणाऱ्या बन्सीची थोरली मुलगी. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी ती मुलींच्या शाळेत गाइडमध्ये, म्हणजे मुलींच्या स्काउटात, गेली. तेव्हाची नावंसुद्धा इंग्रजी होती. आधी टेंडरफूट, मग सेकंड क्लास, मग फर्स्ट क्लास. सेकंड क्लाससाठी दोन काड्यांत चूल पेटवायची, तिसरी काडी ओढली की नापास. हातात दोन झेंडे घेऊन मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला निरोप पाठवायचा. बापाच्या सदऱ्याला काज-बटण करून दाखवायचं. आणि फर्स्ट क्लाससाठी दोघीदोघींनी चालत परक्या गावी जायचं, तिथे कुणाच्या तरी अंगणात स्वतः रांधायचं, रात्री राहायचं आणि सकाळी परत यायचं.

रोझी आणि तिची जोडीदारीण पुणतांब्याकडच्या एका वस्तीवर गेल्या. रुमालात बाजरीचं पीठ बांधलेलं, डब्यात बेसन, दोन कांदे. घर होतं गोजरबाई नावाच्या शेतकरणीचं. बाई दारात येऊन उभी राहिली.

"कुनाच्या गं तुमी?"

रोझीने बापाचं नाव सांगितलं, राहायची गल्ली सांगितली. तेवढ्यावरून गोजरबाईला जे कळायचं ते कळलं. तिने गोठ्यापलीकडचा कोपरा दाखवला. पाणी दिलं ते वरून, ओंजळीत. तेरा वर्षांच्या रोझीला त्यात काही नवं नव्हतं. तिने तीन दगड मांडले, दुसऱ्या काडीला चूल पेटवली, भाकरी थापल्या, पिठलं केलं. आता घरच्या बाईने 'मुलींनी स्वयंपाक केला' म्हणून कागदावर अंगठा द्यायचा होता. गोजरबाई अंगठा द्यायला तयार होती, कागद पुढे करा म्हणाली. तर रोझी म्हणाली, "न चाखता कसा देता अंगठा? खोटं होईल की ते."

जोडीदारणीने तिला मागून चिमटा काढला म्हणे. गोजरबाई बराच वेळ त्या भाकरीकडे बघत राहिली. घरात कुणी नव्हतं, नवरा मळ्यात. मग तिने चतकोर मोडली, पिठल्याला लावली, उभ्याउभ्याच खाल्ली.

"मीट कमी हाय," ती म्हणाली, आणि आत जाऊन मीठ घेऊन आली. रात्री दोघींना ओट्यावर अंथरायला वाकळ दिली.

ही गोष्ट बाईंनी शॅरनच्या पिढीला सांगितली, तिच्या मुलीच्या, एंजलच्या पिढीलाही सांगितली, आणि दर वेळी 'मीट कमी हाय' पाशी येऊन त्या मोठ्याने हसायच्या. पण त्याच शाळेत शिक्षिका आणि गाइडच्या कॅप्टन झाल्या तेव्हा त्यांनी छापील अभ्यासक्रमाला आपली एक अट जोडली, ती हसण्यावारी नेण्याची नव्हती. अनोळखी घर असलं पाहिजे आणि त्या घरातल्या माणसाने मुलीच्या हातचा एक घास खाल्ला पाहिजे. मुलींनी तिचं नाव पाडलं 'घासाची परीक्षा'. गाइडच्या कुठल्याच पुस्तकात ती नव्हती. तपासणीला येणारे साहेब विचारायचे, "हे कुठल्या कलमात बसतं?" बाई म्हणायच्या, "पोटात बसतं, साहेब."

बाई जुन्याला चिकटून बसणाऱ्या होत्या असं मात्र कुणी म्हणू नये. टेंडरफूट जाऊन प्रवेश आला, सेकंड क्लास-फर्स्ट क्लासच्या जागी सोपान आले, पहिला, दुसरा, तिसरा, तेव्हा इतर शिक्षक कुरकुरले, बाईंनी एका सुट्टीत सगळं पाठ केलं. झेंड्यांचे निरोप मागे पडले तेव्हा तर त्यांना आनंदच झाला. "त्या झेंड्यांनी मी आयुष्यात एकच निरोप धड पाठवला," त्या म्हणायच्या, "आणि तो होता 'पाणी आण'. समोरची झेंडे टाकून पळत आली, काय झालं विचारायला." बापाच्या सदऱ्याचं काज-बटण त्यांनी स्वतःच काढून टाकलं आणि त्याऐवजी सायकलचं पंक्चर घातलं. पुढे बँकेत जाऊन स्वतः स्लिप भरणं आलं, ओला कचरा-सुका कचरा आला, मोबाईलवर अनोळखी माणसाशी कसं वागावं ते आलं, नोंदणी कॉम्प्युटरवर गेली. बाई निवृत्त झाल्या, शाळेने पगार थांबवला पण कंपनी, म्हणजे गाइडच्या मुलींचं पथक, त्यांच्याकडेच ठेवली, कारण दुसरं कुणी शनिवारी यायला तयार नव्हतं. नातवंडांच्या वयाच्या मुलींकडून बाई ते कॉम्प्युटरचं शिकून घ्यायच्या आणि चुकलं की त्यांच्याकडून रागावूनही घ्यायच्या.

एवढं सगळं बदलू दिलं. फक्त घासाची परीक्षा सोडली नाही. पण तीही पूर्वीची राहिली नव्हती. शॅरन नववीत होती तेव्हाच रात्रीचा मुक्काम गेलेला होता. कुणाच्या तरी आईने शाळेत येऊन पदर डोळ्याला लावला होता, मग बाई म्हणाल्या, बरं, रात्र नको, संध्याकाळपर्यंत परत. शॅरनने ती परीक्षा तशी दिली, आणि पहिल्यांदा नापास झाली. वस्तीवरच्या म्हातारीने तिचं पिठलं तोंडात घातलं आणि म्हणाली, "पोरी, हे पिटलं हाय का समुद्र हाय?" महिन्याने शॅरन पुन्हा गेली, दुसऱ्या वस्तीवर. त्या दिवशी एका अनोळखी घरातल्या सगळ्या माणसांनी बसून तिचं जेवण खाल्लं होतं. परतताना कालव्याच्या कडेने ती उगाच पळत आली होती. ते पळणं तिला अजून पायांत आठवतं.

नंतर संध्याकाळ गेली, दुपार राहिली. मग उसाच्या पट्ट्यात बिबटे यायला लागले, तर बाईंनी परीक्षा ऊसतोड झाल्यानंतर, फेब्रुवारीत ठेवली. मग चालत जायचं तेही गेलं. एसटीने पुणतांब्यापर्यंत न्यायचं, तिथे प्रत्येक जोडीने चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीत ज्या वस्तीचं नाव निघेल तिकडे कालव्याच्या रस्त्याने जायचं, आणि बाई स्वतः कालव्याच्या पुलावर उभ्या. दर वेळी अट थोडी ढिली झाली आणि दर वेळी तिच्यामागे एक घाबरलेली आई होती. बाईंनी कुठल्या आईला कधी हसलं नाही. थोडी मागे सरायच्या, तेवढंच.

यंदा ती आई शॅरन होती. फक्त तिने समोर येऊन सांगितलं नाही.

एंजल तिची एकुलती एक, नववीतली, काठीसारखी उंच आणि बापासारखी हट्टी. बाप, जस्टिन, नाशिकला कारखान्यात, पंधरवड्याने घरी. एंजल मैत्रिणीबरोबर मैदानात खेळायला गेली तरी शॅरन दोनदा गच्चीवर जाऊन बघणारी. तिसऱ्या सोपानाची तारीख ठरली तशी तिची झोप उडाली. तिला बिबट्या दिसायचा, मोकाट कुत्री दिसायची, आणि ज्याचं नाव घ्यायचं नाही ते सगळं दिसायचं. त्यात मोबाईल पिशवीत बंद करून ठेवायचा, हा बाईंचा नियम.

आदल्या दिवशी तिने एंजलला स्वयंपाकघरात घेतलं.

"चिठ्ठी कुठलीही निघू दे. तुम्ही दोघी सरळ मार्थाआत्याकडे जा. स्टेशनजवळच घर आहे. मी आत्याशी बोलले आहे."

"मम्मी! अनोळखी घर पाहिजे."

"तुझ्या जोडीच्या दिशाला कुठे आत्या ओळखीची आहे? अर्धं अनोळखीच झालं."

"हे चीटिंग आहे."

"हे चीटिंग नाही, ही काळजी आहे. तू आई झालीस की कळेल."

हे वाक्य शॅरनच्या आईने तिला म्हटलं होतं तेव्हा तिला चीड आली होती. आता ते तोंडातून असं सहज निघालं, जसं काही कालच शिकून ठेवलं होतं.

एंजलची जोडीदारीण दिशा म्हणजे आबासाहेबांची मुलगी. आबासाहेब म्हणजे गावातले मोठे बागाईतदार, शाळेच्या पालक समितीवर, शिवाय शॅरन काम करते त्या पतसंस्थेचे संचालक. दिशाला तर बरंच झालं, तिला धुराने डोळ्यांत पाणी यायचं. चिठ्ठीत वस्ती निघाली उत्तरेची. दोघी पुलावरून बाईंना टाटा करून उत्तरेला वळल्या, झाडी आड आल्यावर शेताच्या बांधाने फिरल्या आणि दक्षिणेला स्टेशनकडे गेल्या.

मार्थाआत्याने कोंबडी केली होती. भाचीची पोर पहिल्यांदा एकटी आलेली, तिला पिठल्यावर कशी सोडणार? जेवणं झाली, पंखा लावला, "पडा घटकाभर, उन्हाच्या नका जाऊ" म्हणून दोघींना गादी घालून दिली. पहाटे चारला उठलेल्या पोरी. गादीला पाठ लागली आणि दोघी मेल्यासारख्या झोपल्या. आत्याने उठवलं नाही. लेकरं दमली असतील म्हणून दार लोटून शेजारी बसायला गेली.

पुलावर बाकीच्या जोड्या एकेक करून परत आल्या. या दोघी येईनात. बाईंनी वाट पाहिली, मग मुलींना पुलाजवळच्या दुकानदाराच्या बायकोपाशी बसवून स्वतः उत्तरेच्या वस्तीवर चालत गेल्या.

"न्हाई बाई," तिथली सून म्हणाली, "इकडं कुनी आलं न्हाई. आमी सकाळधरनं वाट बघतोय, पानीबी भरून ठिवलंय."

बाईंचं वय पासष्ट. त्या उभ्या उसात शिरल्या. एक फड अजून तोडायचा राहिला होता, त्यात नावं घेऊन ओरडत हिंडल्या. पाटात पाय घसरला, हात खरचटले, उसाच्या पात्याने गाल चिरला. आणि मग त्यांनी तो फोन केला, जो कॅप्टनला करावा लागू नये. आधी आबासाहेबांना, मग शॅरनला.

शॅरन काउंटरवर होती. "शॅरन, मुली सापडत नाहीत," एवढं बाई म्हणाल्या आणि पुढच्याच क्षणी तिला कळलं की मुली कुठे आहेत. त्या क्षणी बाईंना सांगता आलं असतं. ती म्हणाली, "मी बघते," आणि फोन ठेवून आत्याला लावला. आत्या फोन घरी ठेवून गेलेली. अर्धापाऊण तास ती नुसती लावत राहिली. तेवढ्या वेळात आबासाहेबांच्या दोन जीपा निघाल्या, गावात बोभाटा झाला, कुणी पोलिसांनाही कळवलं. शेवटी झोपेतून उठून एंजलने फोन उचलला.

"एंजल, रिक्षा करा, पुलाच्या अलीकडे उतरा, चालत जा. आणि विचारलं तर सांगा, वाट चुकलो."

"मम्मी—"

"सांगते तेवढं कर."

तर मुली वाट चुकल्या. सगळ्या गावाने तेच ऐकलं. आबासाहेबांनी पोरीला पोटाशी धरलं आणि बाईंकडे बघितलं ते बघणं, लोक म्हणतात, बघवत नव्हतं.

त्या आठवड्यात शाळेत समितीची बैठक झाली. आबासाहेब उभे राहिले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

"बाई, तुमचा मान हाय. माझी थोरली बहीन तुमच्या हाताखाली शिकली. पन पोरगी माझी हाय. इतका वेळ ती कुटं हाय हे कुनाला ठावं न्हाई. ह्याला काय म्हनायचं, तुमीच सांगा."

"निष्काळजीपणा म्हणायचं," बाई म्हणाल्या. गालावर पट्टी होती.

"कुनाचा?"

"पाठवलं मी होतं."

"आन् ही घासाची परीक्षा पुस्तकात हाय का न्हाई?"

"नाही. ती माझी."

मागून कुणी म्हणालं, "आता काळ काय, वेळ काय!" कुणी म्हणालं, "वयही झालं." मुख्याध्यापकांनी शॅरनकडे वळून विचारलं, "एंजलच्या आई, तुमचं काय म्हणणं?"

शॅरन उठली. बाई तिच्याकडे बघत होत्या, नेहमीसारख्या, वर्गात उत्तर येतंय का बघतात तशा. "मुलींची सुरक्षितता आधी," ती म्हणाली, आणि बसली.

यात खोटं एक अक्षर नव्हतं. म्हणूनच ते वाक्य तिला पुढे रोज डाचत राहिलं.

ठरलं ते असं: कंपनी बाईंकडून काढून शाळेतल्या नव्या पीटीच्या शिक्षिकेकडे द्यायची. परीक्षा शाळेच्या मैदानात, गॅसच्या शेगडीवर, पालकांसमोर. आणि आबासाहेबांची तक्रार जिल्ह्याच्या कार्यालयाला सोमवारी पाठवायची, म्हणजे बाईंचं कॅप्टनपदाचं प्रमाणपत्रच रद्द होईल. नव्या शिक्षिकेने पहिलं काम काय केलं, तर कुणी मागे राहायला नको म्हणून सगळ्याच मुलींना तिसरा सोपान पास करून टाकला. एंजलचा बॅज घरी आला. तिने तो फ्रिजवर ठेवला आणि परत त्याच्याकडे पाहिलं नाही. आईशी बोलणंही कामापुरतं. 'डबा दे.' 'पाणी गेलं.' एवढंच.

भाजीबाजारात बाई दिसल्या तो या बैठकीनंतरचा पहिला शनिवार. रविवारी उपासना संपल्यावर शॅरन घरी न जाता बाईंच्या गल्लीकडे वळली. सांगून टाकायचं, असं तिने चर्चमध्येच ठरवलं होतं. दारात पोचेपर्यंत ते पक्कं होतं.

"सलाम, बाई."

"सलाम. ये गं. चप्पल राहू दे, फरशी गार आहे."

घरात पेट्या उघड्या पडलेल्या. बाई जुन्या सामानाची वाटणी करत होत्या, कुणाला काय द्यायचं ते. एका खुर्चीवर लाल-पिवळे दोन झेंडे होते, त्याच खुर्चीची धुळकट पाठ पुसून ठेवलेले.

"फडकी म्हणून झकास निघाले बघ," बाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी त्यांचा उपयोग सापडला. बस. गवती चहा टाकते."

"बाई, तुम्ही खरंच जाणार पुण्याला?"

"स्टीफन म्हणतो, बागेत म्हाताऱ्यांचा ग्रुप आहे, हसायचा. सकाळी गोल उभं राहून सगळे हसतात म्हणे, व्यायाम म्हणून." त्यांनी चहात साखर जरा जास्तच घातली. "कारण नसताना हसायचं मला जमेल का, ते बघायला पाहिजे."

शॅरनने कप हातात धरला. गालावरची जखम वाळून तिची काळपट रेघ झाली होती. ती बघवेना म्हणून तिने पेटीकडे बघितलं.

"बाई, आयांमुळेच हे झालं ना सगळं. प्रत्येक वेळी कुणीतरी..."

"आयांनी भिऊ नये असं मी कधी म्हटलं?" बाई म्हणाल्या. "भिणाऱ्या आयांच्याच मुली मी नेल्या. न भिणाऱ्या होत्या कुठे? माझी आई तर मी पुणतांब्याला गेले त्या रात्री चुलीपुढे बसून होती म्हणे, गीतं म्हणत. घाबरली की ती गीतं म्हणायची. सगळी गल्ली जागी." त्या हसल्या, मग थांबल्या. "रात्र होती तिची दुपार झाली, ठीक. चालत होतो तिथे एसटी आली, तेही ठीक. मुली काही त्याने कमी झाल्या नाहीत, उलट आताच्या जास्त धीट आहेत. पण शेवटी काहीतरी एक अनोळखी ठेवायला पाहिजे गं. नाहीतर मग परीक्षा कसली, तो वाढदिवस झाला."

"बाई, त्या दिवशी—"

"त्या दिवसाचं राहू दे. पोरी सापडल्या." हे त्या इतक्या पटकन म्हणाल्या की शॅरनचं वाक्य आतल्या आत विरून गेलं. दारापर्यंत पोचवायला आल्या तेव्हा मात्र सहज म्हणाव्यात तशा म्हणाल्या, "एंजलला म्हणावं, ते बाजरीचं पीठ पिशवीत तसंच ठेवू नकोस. जाळी धरते. भाकरी करून टाका."

शॅरन हो म्हणाली. गल्लीच्या वळणावर आल्यावर तिचे पाय थांबले.

घरी एंजल पलंगावर पाय वर करून अभ्यास करत होती.

"एंजल, पुलावर तुझी पिशवी कुणी बघितली होती?"

एंजलने पुस्तक मिटलं नाही. "बाईंनी."

"म्हणजे?"

"म्हणजे उघडली. पीठ तसंच होतं. काडेपेटी कानाशी धरून हलवली. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडाला कोंबडीचा वास येत असणार, मम्मी. येतच होता. तेवढ्यात आबासाहेब जीपमधून उतरले, तर बाईंनी पिशवीला गाठ मारली आणि माझ्या हातात दिली."

"काही म्हणाल्या?"

"म्हणाल्या, दमली असशील, पाणी पी."

शॅरन पलंगाच्या कडेवर बसली. म्हणजे बैठकीत बाई तिच्याकडे बघत होत्या ते सगळं माहीत असून. एका शब्दाने सुटल्या असत्या. पण त्या शब्दाने दोन मुली सगळ्या गावासमोर खोटारड्या ठरल्या असत्या, आणि त्यांच्यामागोमाग एक आई. बाईंनी ती वेळ शॅरनला दिली होती, तिची तिने बोलायची. आणि ती उठून सुरक्षिततेवर बोलली होती.

"मी आबासाहेबांना फोन करते," ती म्हणाली. "उद्या तक्रार जायच्या आत."

एंजलने आता पुस्तक मिटलं. "सगळं सांगशील?"

"सगळं. दिशालाही ओरडा बसेल. तुझा बॅज जाईल."

"तो माझा नाहीच आहे." मग थोड्या वेळाने, हळू आवाजात, "आधी का नाही केलास?"

याला उत्तर होतं, पण ते मुलीला सांगण्यासारखं नव्हतं. आबासाहेब संचालक आहेत, रोज काउंटरसमोरून जातात, सगळे कर्मचारी उठून उभे राहतात. ते म्हणतील, आमच्या पोरीला खोटं बोलायला तुमी शिकवलं व्हय? आणि ते खरं असेल. म्हणतील, दोन जीपा, पोलीस, माझ्या म्हातारीची शुगर वाढली, आन् तुमाला ठावं हुतं? तेही खरं असेल. उद्या हे गावभर होईल, चर्चमध्ये होईल. जस्टिनला नाशिकला कुणी दुसऱ्याने सांगायच्या आधी तिलाच सांगावं लागेल. बाईंना कंपनी परत मिळेल की नाही, हेही नक्की नाही. एकदा काढून घेतलेलं काही इतक्या सहज कुणी परत देत नाही. पण ती तक्रार खोट्यावर उभी आहे, हे माहीत असलेली मोठी माणसं गावात दोनच होती, आणि त्यातलं एक बोलणार नव्हतं.

"दिशाला तू आधी सांग," ती म्हणाली. "तिला एकदम कळायला नको."

एंजल उठून गच्चीवर गेली. तिच्या बोलण्याचा आवाज जिन्यातून येत राहिला, मग थांबला. ती खाली येऊन दाराला टेकून उभी राहिली आणि तिने मान डोलावली.

बाहेर रविवारच्या दुपारची सामसूम होती. शॅरनने मोबाईल घेतला. नाव काढलं. बोट एकदा मागे घेतलं, पदराला पुसलं, आणि लावला. पलीकडे कुठल्याशा आरतीची ट्यून वाजायला लागली, ती मधेच तुटली.

"हां, बोला ताई. रविवारचं काय काम काढलं?"

"आबासाहेब," ती उभी राहत म्हणाली, "बाईंची काही चूक नाही. मुली कुठे होत्या ते मला माहीत होतं. ऐकून घ्या, मग काय बोलायचं ते बोला."